नकाशाच्या पोटावरचं पत्र

दिनांक २ जून. रक्कम सत्तेचाळीस रुपये पन्नास पैसे. तपशील, मैदा.

जुनी कागदपत्रं जतन करणाऱ्या आमच्या कार्यालयात मी हिशेबनीस म्हणून रुजू झालो आणि पहिलंच बिल हे निघालं. ते घेऊन मी तडक दुरुस्तीच्या खोलीत गेलो.

"कार्यालयाच्या खर्चानं इथे काय तळताय?"

"खळ शिजवतोय," पातेलं ढवळणारे सडपातळ गृहस्थ म्हणाले. "चाखून बघा. मीठ नाही, पण कागदाला आवडते."

हे खळमामा. या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. फाटक्या कागदांना ठिगळ लावणं हे त्यांचं काम आणि पंखा बंद करणं हा त्यांचा जुलूम. दोन खोल्यांना बटण एकच, त्यामुळे मामांच्या टेबलावर कागद आला की आम्हीही घामाघूम. एकदा साहेबांनी पंखा लावला, तर मामा सरळ टेबलावर पालथे पडले आणि तो बंद होईपर्यंत उठले नाहीत.

गेल्या वर्षी एका सोमवारी सत्तरीच्या एक बाई आल्या. शिपायानं त्यांना आत्या म्हटलं, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. पिशवीतून त्यांनी पुठ्ठ्यासारखा कागद काढला. वरच्या बाजूला थोरल्या भावाचं शेवटचं पत्र, लढाईच्या आघाडीवरून आलेलं. घड्यांवर ते विरायला लागलं, तेव्हा त्यांच्या आईनं घरातला सर्वांत जाड कागद शोधून त्यावर चिकटवून टाकलं. तो जाड कागद म्हणजे शेताच्या मोजणीचा नकाशा. कोरी पाठ सोडून माऊलीनं नेमक्या रेघांवरच पत्र डकवलं होतं. आता शेजाऱ्यानं बांध सरकवला होता, कचेरीतली प्रत आगीत गेली होती आणि शुक्रवारी सुनावणी होती.

मामांनी ओल्या कापसाचं टोक पत्राच्या कोपऱ्याला टेकवलं. कोपरा जांभळा झाला.

"कॉपिंग पेन्सिल. पाणी लागलं की हिची शाई होते. पाण्यात बुडवलं तर नकाशा तासाभरात सुटेल, पण पत्राचं सरबत होईल."

"आणि न बुडवता?" आत्यांनी विचारलं.

"नकाशाच्या पाठीवर दमट फडकं ठेवायचं आणि हाडाच्या पट्टीनं बोटबोटभर सोडवायचं. पण शुक्रवारपर्यंत होईलच असं लिहून देणार नाही."

आत्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "शेत गेलं तर खाऊ काय? आणि हे गेलं तर वाचू काय? तुम्हीच ठरवा, मामा."

"मी फक्त पंख्याचं ठरवतो," मामा म्हणाले आणि त्यांनी तो बंद केला.

मंगळवारी चार बोटं सुटली. गुरुवारी दुपारी कुठे निम्मा कागद झाला होता. साहेबांनी मला चौकशीला पाठवलं.

"मामा, गोगलगाय केव्हाच पुढे गेली."

"तिला कुठे सुनावणी आहे?" मान वर न करता मामा म्हणाले. त्या रात्री ते घरी गेले नाहीत.

शुक्रवारी साडेनऊला दोन्ही कागद वेगळे झाले. नकाशाची रेघ न् रेघ शाबूत होती. पत्राच्या तळाची सही तेवढी फुटली होती. मामा अपराध्यासारखे उभे राहिले. आत्यांनी सहीवरचा जांभळा डाग निरखून पाहिला.

"शाळेतही त्याच्या वहीवर असाच डाग असायचा. वेंधळा कुठला!"

नकाशा सुनावणीला वेळेवर पोचला आणि बांध महिन्याभरात जागेवर आला. पत्र मात्र आत्यांनी आमच्याकडेच ठेवलं. "घरी नेलं तर मीही कशावर तरी चिकटवीन," त्या म्हणाल्या.

माझी पंचाईत निराळीच. आवक नोंदवहीत कागद एक, दुरुस्तीनंतर झाले दोन. दुरुस्तीचा दर कागदामागे पंधरा रुपये. आत्यांनी एकाचे भरले. दुसऱ्याचे पंधरा रुपये त्यांच्याकडून अजून येणे आहेत.