वळणाऱ्याचं घड्याळ

एसटी सुटायच्या आधी बाबा दोनदा वर चढले आणि दोनदा खाली उतरले. पहिल्यांदा माझी बॅग नीट बसली का बघायला, दुसऱ्यांदा कंडक्टरला सांगायला, की पोर पहिल्यांदाच एकटी चाललीय. कणकवलीच्या अलीकडे आमचं गाव आणि गावात आमची पिठाची गिरण. त्या दिवशी त्यांनी ती अर्धा दिवस बंद ठेवली होती. दंडावरचं पीठ मात्र धुवायचं राहून गेलं होतं. आई मी दहावीत असताना गेली, त्यामुळे मी निघाले की घरात ते एकटेच उरणार होते. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघंही दुसरंच काहीतरी बोलत होतो.

"पानी उकळून पी," बाबा खिडकीखालून म्हणाले. "आनि कोनाच्या घरात फुकट रवू नको. भाडा दी आनि रव."

गाडी हलली तेव्हा क्षणभर वाटलं, मी जागच्या जागी आहे आणि बाबाच मागे सरकतायत. हे सगळ्यांनाच वाटतं. पुढे हेच शिकवून मी पोट भरायला लागले.

मुंबईत मला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. खोली मिळाली अंधेरीला, मरोळच्या गावठणात, फिलोमिना आंटीच्या घरामागे. आंटी मराठी बोलणारी ख्रिश्चन, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. तिच्या सासऱ्यांची भातशेती होती तिथे आता काचेची ऑफिसं उभी आहेत. नवरा वारलेला, एकुलता मुलगा कॅनडात. विमानं तिच्या कौलांवरून इतकी खालून जायची, की आंटी बोलता बोलता थांबायची, विमान जाऊ द्यायची आणि अडलेल्या शब्दापासून पुढे चालू करायची.

दर रविवारी चर्चमधून आली की ती मुलाला फोन लावायची. एका रविवारी फोन ठेवून माझ्यापुढे चहा सरकवत म्हणाली, "बघ ना, तो आत्ता झोपायला चाललाय आणि मी आत्ता नाश्ता करतेय. आत्ता म्हणजे आत्ताच ना गं?"

मी तेव्हा सापेक्षतेच्या सिद्धान्तानं नुसती पेटलेली होते. म्हटलं, "आंटी, सगळ्या विश्वाला मिळून एकच 'आत्ता' नसतो."

"म्हणजे?"

गावठणाबाहेरून मेट्रो नुकतीच सुरू झाली होती. मी तिचाच डबा घेतला. डब्याच्या बरोबर मध्यावर दिवा लागला. आत बसलेली बाई म्हणते, उजेड पुढच्या आणि मागच्या भिंतीवर एकाच वेळी पोचला. प्लॅटफॉर्मवर उभी असलेली बाई म्हणते, छे, मागची भिंत उजेडाकडे धावत आली, पुढची त्याच्यापासून पळत होती, म्हणून उजेड आधी मागच्या भिंतीवर पोचला. चेंडू फेकला असता तर त्याला गाडीचा वेग मिळाला असता. उजेडाला मिळत नाही. त्याचा वेग डब्यातल्या बाईनं मोजला तरी तेवढाच आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाईनं मोजला तरी तेवढाच.

"मग खरं कोण?" आंटीनं विचारलं.

"दोघी."

"वा! एकाच वेळी पोचलं पण आणि नाही पोचलं पण?" तिनं कप खाली ठेवला. "ते जाऊ दे. माझा पोरगा आत्ता झोपला की नाही, तेवढं सांग."

"झोपला असेल आंटी. एवढ्याशा अंतराला आणि एवढ्याशा वेगाला काही फरक पडत नाही."

"मग इतका वेळ माझं डोकं कशाला खाल्लंस?"

तिथूनच मला ध्यास लागला, की हे मराठीत, अशा माणसांना, नीट सांगता आलं पाहिजे. प्रत्यक्षात काम लागलं ते प्रवेश परीक्षांच्या क्लासमध्ये. सकाळी अंधेरी, दुपारी बोरिवली, एक दिवसाआड मुलुंड. तिन्हीकडे तेच धडे, तीच गणितं आणि तेच जोक. पगार झकास होता. सापेक्षता अभ्यासक्रमात नव्हती. एकदा मी राहवेना म्हणून शिकवायला घेतली, तर क्लासचे मालक दारातूनच म्हणाले, "मॅडम, जे पेपरात नाही, ते बोर्डावर नाही." मी बोर्ड पुसला. क्लास बदलला. तिथेही तेच. पुन्हा बदलला. कुठेही बूड टेकेना. अंधेरीत असले की मुलुंडला बरं वाटेल असं वाटायचं, आणि मुलुंडला पोचले की वाटायचं, गावी जावं.

त्या दिवसांत एक वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं: "सगळं सापेक्ष असतं ना!" नातेवाईक म्हणायचे, क्लासचे मालक म्हणायचे, खोली दाखवणारे एजंट तर दर वेळी म्हणायचे. अरे, पण तो सिद्धान्त उभाच आहे जे सापेक्ष नाही त्याच्यावर! उजेडाचा वेग बदलत नाही, म्हणून बाकीच्यांना, काळाला आणि लांबीला, वाकावं लागतं. कोणीतरी एक वाकत नाही म्हणून घरातल्या बाकीच्यांना वाकावं लागतं, तसंच. हे कोणी ऐकून घेत नसे.

आंटीनं ऐकलं. तिनंच चर्चच्या हॉलमध्ये माझं भाषण ठरवलं. "आमच्या पोरांना पण कळू दे," म्हणाली. मी बाबांना फोनवर सहज सांगितलं, आणि ते आले. न कळवता. भाषणाच्या सकाळी तांदळाच्या पिठाची पिशवी खांद्यावर घेऊन आंटीच्या दारात उभे. मुंबईत ते पहिल्यांदाच माझ्या खोलीवर येत होते.

हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं असतील. बाबा दुसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. मी म्युऑनची गोष्ट सांगितली. म्युऑन म्हणजे आकाशात फार उंचावर जन्मणारा एक अतिसूक्ष्म कण. त्याचं आयुष्य इतकं तोकडं, की उजेडाच्या जवळपास वेगानं धावला तरी तो वाटेतच संपायला हवा. पण जमिनीपर्यंत कितीतरी म्युऑन पोचतात. आत्ता, इथे, तुमच्या तळहातातून आरपार चाललेत. का? कारण इतक्या वेगानं धावणाऱ्याचं घड्याळ आपल्याला मंद चाललेलं दिसतं. त्याचं आयुष्य आपल्या हिशेबानं लांबतं.

"प्रश्न?" मी विचारलं. मग दुसऱ्या रांगेत बाबा उठले.

"त्या कणाक सोताक काय वाटता?" त्यांनी मालवणीत विचारलं. "तेका वाटता काय, आपणाक जास्ती आयुष्य गावला म्हणान?"

मागे दोन-तीन पोरं हसली. माझे कान गरम झाले. मुंबईत इतकी वर्षं मी मालवणी फक्त फोनवर बोलले होते, तीही दार लावून. पण प्रश्न इतका नेमका होता, की मराठीत उत्तर देणं खोटं वाटलं असतं.

"नाय ओ बाबा," मी म्हटलं. "तेका कायच जास्ती गावना नाय. तेच्या घड्याळात तेचा आयुष्य होता तितक्याच. तेका दिसता काय, की वाटच आखूड झाली. लांब आयुष्य आमका हयसून दिसता."

"असा," बाबा म्हणाले आणि खाली बसले.

परतताना गावठणातल्या क्रुसापाशी ते थांबले. "मुंबयत तुझा बरा चल्ला असा, असा आमका गावातसून दिसता," म्हणाले. "तुका सोताक काय वाटता, ता कोन इचारणा नाय. म्हणान इचारलय."

माझ्या तोंडून निघून गेलं, की मला इथे स्वस्थता नाही. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. कणकवलीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राला माणूस हवा होता. मी लगेच हो म्हटलं. खोली रिकामी केली. निघताना आंटीनं त्यांच्याकडे वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात त्या घरच्या मसाल्याचं पाकीट हातात दिलं आणि म्हणाली, "पोरं परत येतात म्हणजे! माझ्या दिवट्याला पण सांग की जरा." आणि मी वळले, घराच्या दिशेनं.

जे गेले आणि परत यायची स्वप्नं बघतायत, त्यांच्यासाठी पुढचं लिहितेय.

मी ज्या घरात परतले ते माझ्या मनात जसं ठेवलं होतं तसं नव्हतं. माझ्या मनात बाबा पन्नाशीचे होते, धान्याचं पोतं एकट्यानं उचलणारे. इथे गुडघ्यावर हात टेकून उठणारा माणूस होता. मी निघाले तेव्हा पहिलीत असलेली शेजारची मुलगी माझ्याच वर्गात अकरावीत बसलेली. सगळ्यांची वर्षं सरली होती आणि मी मात्र निघालेल्या दिवसाच्या आसपासच होते. मी स्वयंपाकघरातले डबे हलवले, बाबांना मीठ सापडेना. मी भराभर बोलायचे, ते अर्धं ऐकून 'हं' म्हणायचे. गिरण संध्याकाळी बंद झाली की जी शांतता पडायची, तिच्यात मी घरापुढच्या खळ्यात येरझारा घालायचे. शेजारची माणसं भेटली की एकाच दमात विचारायची, "कधी इलंस? कधी जातलंस?" मी राहायला आलेय हे सांगून सांगून दमले. शेवटी शेवटी मलाही ते खरं वाटेनासं झालं.

वर्गात एका मुलीनं हात वर केला. जुळ्या भावंडांची गोष्ट मी नुकतीच सांगितली होती: एक अवकाशात प्रचंड वेगानं जाऊन परत येतो, दुसरा घरीच राहतो, आणि परत आलेला वयानं लहान निघतो. "मॅडम, पण गती सापेक्ष ना? मग जाणारा म्हणेल, मी थांबलेलो, घरच लांब गेलं आणि परत आलं. मग घरचा का नाही लहान?"

प्रश्न चांगला होता. मी सांगितलं: सरळ जात राहिला असता तर दोघांची बाजू सारखीच होती. पण परत यायला त्याला वळावं लागलं. वळताना अंगाला हिसका बसतो. तो जाणाऱ्याला बसला, घरच्याला नाही बसला. कोण वळलं, ह्यात काही सापेक्ष नाही. म्हणून दोघांचे हिशेब जुळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेज पिताना हे सगळं मी बाबांना सांगितलं. मुलीचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं. त्यांनी पेजेत लोणच्याची फोड बुडवली.

"हिसको तुका बसलो," म्हणाले. "माका दिसता मा. इल्यापासून तू खळ्यात फेऱ्ये मारतंस. माझ्यासाठी रवलंस काय?"

"हो."

"मगे नको. मी माझ्या गिरणीत बरो असंय. तू हय माका सांभाळतंस आनि मी तुका सांभाळतंय, कोनच काय करणा नाय." मग जरा हळू म्हणाले, "रागान सांगणंय नाय. जा गो तू."

मी चिडले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की छातीवरचं काहीतरी उतरलंय, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. सत्र संपवलं, मुलांच्या परीक्षा घेतल्या आणि निघाले.

आता मुलुंडला राहते, भाड्यानंच. एका ज्युनियर कॉलेजात शिकवते आणि रविवारी सोसायटीच्या ऑफिसात मराठीतून सापेक्षता सांगते. कोणीही यावं. निवृत्त बँकवाले येतात, एक रिक्षावाले काका येतात, दोन गृहिणी येतात. आंटी अजून मरोळलाच आहे, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून येत नाही, मीच जाते. बाबांनी गिरणीला मदतीला माणूस ठेवलाय आणि त्याच्याशी रोज भांडतात. स्वस्थता मला अजून नाही. ती कुठे मिळते हे आता मी विचारत नाही. ठाम थांबलेली जागा अख्ख्या विश्वात कुठे दाखवता येत नाही, तर माझीच का असावी?

गेल्या रविवारी वर्ग संपताना बँकवाले काका म्हणाले, "म्हणजे मॅडम, आधी काय आणि नंतर काय, हेसुद्धा बघणाऱ्यावरच. सगळं सापेक्ष!"

"नाही काका," मी म्हटलं. "लांबच्या, एकमेकींशी संबंधच येऊ शकत नाही अशा दोन घटनांचा क्रम बदलू शकतो. पण एकीमुळे दुसरी घडली असेल, तर नाही. बी पेरलं आणि झाड आलं. कोणीही, कितीही वेगानं जाऊ दे, कुठूनही बघू दे, त्याला झाड आधी आणि बी नंतर दिसणार नाही."

बोलून झाल्यावर मीच थबकले. वर्ग उठला, खुर्च्या वाजल्या. मी बाहेर येऊन बाबांना फोन लावला आणि सोसायटीच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत फेऱ्या घालत घालत, मालवणीत, सगळं सांगितलं. फाटकावर वॉचमन होता. मी आवाज खाली केला नाही.

"म्हणजे बाबा, मी खयव जावंदे," मी म्हटलं, "कोणाकच आधी मी आनि मगे तुम्ही, असा दिसाचा नाय. आधी तुम्ही, आधी ता घर. मगे मी."

पलीकडे गिरणीचा पट्टा घरघरत होता. बाबांनी तो बंद केला असावा, कारण एकदम शांत झालं.

"ह्या कोन बदलूक शकणा नाय?"

"कोणच नाय."

"मगे तितक्या पुरे," बाबा म्हणाले. "आता ठेव. गिऱ्हाईक इला."