ब्याण्णव जणांतला एक

गाडी शिकवणाऱ्या माणसाने घाबरायचं नसतं, निदान तसं दाखवायचं तरी नसतं. आमचे मास्तर त्यात पटाईत. शेजारच्या सीटवर बसून समोरून ट्रक आला तरी "आरामात, आरामात" म्हणायचे. पाय मात्र सदा आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर. शिकणारी मंडळी मागून त्यांना ब्रेकमास्तर म्हणायची, आणि मास्तरांना ते ठाऊक होतं.

गुदाशयात कॅन्सरची गाठ निघाली तेव्हाही ते बायकोला "आरामात" म्हणाले. गाठ लहान होती, वेळेत सापडली होती. पोट न फाडता खालूनच काढली. मग डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "अशा शंभरांतल्या सात-आठ जणांना ती परत येते. म्हणून मोठं ऑपरेशन आत्ता नको, पण एकही तपासणी चुकवायची नाही. परत आली आणि लवकर दिसली, तर पुष्कळ काही करता येतं." मास्तरांच्या डोक्यात एवढंच राहिलं की ब्याण्णव जण सुटतात.

सुरुवातीच्या तपासण्यांना बायको सोबत होती, त्यामुळे त्या बिनबोभाट पार पडल्या. वर्षाने नळी घालून आतडं तपासायचं ठरलं. म्हणजे आदला दिवसभर जुलाबाचं औषध प्यायचं, पातळ सुपाखेरीज काही खायचं नाही आणि संडासात मुक्काम ठोकायचा. नेमकी तेव्हाच बायकोची बहीण पाय मोडून पडली. बायको चार दिवस तिच्याकडे गेली. जाताना तिने प्रत्येक दिवसाचा डबा भरून, वर वार लिहून फ्रीजमध्ये ठेवला. औषधाच्या दिवसाचं फक्त सूप.

"झाली तपासणी. मेहुणा होता बरोबर. सगळं स्वच्छ आहे," मास्तरांनी फोनवर सांगितलं. बायकोचा जीव भांड्यात पडला.

सगळी थाप. मेहुण्याला पत्ताच नव्हता. मास्तरांनी दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली होती, आणि त्या दिवशी ते बँकेतल्या एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होते.

महिना गेला. एका संध्याकाळी जेवताना बायकोने विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय खाल्लंत हो?"

"सूप. दुसरं काय खाणार?"

"मी परत आले तेव्हा सूप तर तसंच होतं. बाकीचे डबे तेवढे संपले होते."

थापा मारणं सोपं, पण पकडलं गेल्यावर काय बोलायचं ते मास्तरांना कधी जमलं नव्हतं. शेवटी खरं तेच बाहेर आलं.

"बघितलं नाही, तोवर मी त्या ब्याण्णव जणांतला असतो गं. नळी आत गेली की ठरणार, मी कुठला. मला भीती वाटली."

बायको चिडली नाही. चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"तुम्ही महिनाभर ब्याण्णवांत राहिलात," ती म्हणाली. "मी त्या आठांत राहिले. रोज तुमच्या शेजारी झोपून."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"वाटलं, स्वतःहून सांगाल."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिच्यासमोर दवाखान्यात फोन केला. औषधाच्या दिवशी तिने चष्म्याच्या दुकानातल्या आपल्या कामावरून सुट्टी घेतली आणि प्रत्येक ग्लास संपेपर्यंत समोर बसली. ते तोंड वाकडं करत प्यायले आणि दिवसभर संडासाच्या वाऱ्या करत राहिले.

तपासणी झाली. गुंगी उतरल्यावर डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. ऑपरेशनची जागा चांगली भरली आहे, नवीन काही उगवलेलं नाही, पण पुढच्या तपासण्या आहेतच, असं म्हणाल्या. मास्तरांचे डोळे भरून आले. कपडे चढवून ते घाईघाईने बाहेर गेले. बायको बाकावर बसली होती.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

तिने मान हलवली, पर्स उचलली आणि त्यांच्या शेजारून आत गेली, डॉक्टरीणबाईंना विचारायला.