पॅसेंजरमधली थोरल्याची जागा

वडिलांनी मिरजेचं चपलांचं दुकान धाकट्याला दिलं. मी जयसिंगपुरात स्वतःच्या हिमतीवर दुसरं उभं केलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. कोल्हापुराहून सकाळची पॅसेंजर मात्र दोघांची एकच. डबे वेगळे.

परवा उशीर झाला म्हणून मिळेल त्या डब्यात चढलो. तिथं धाकटा पाठमोरा, शेजारच्या जागेवर टॉवेल टाकून बसलेला. कुणीतरी टॉवेल उचलायला गेला तसा तो ओरडला, "ओ पावणं, थोरल्या भावाची जागा हाय ती!"

समोरचा म्हातारा हसला. "रोज टॉवेल टाकतंय. भाऊ काय येत न्हाय."

मी टॉवेल सरकवून बसलो. वाटणीचा राग तसाच होता. रुकडी स्टेशन गेल्यावर म्हटलं, "टॉवेल धुत जा की जरा."

"व्हय दादा," तो म्हणाला.