संदर्भ मोजू नका, वाचा

डॉ. शमीम काझी मॅडमची आणि माझी पहिली ओळख विजेच्या झटक्याने झाली. मज्जातंतूंचा वेग मोजायचं यंत्र घेऊन त्या केळापूरजवळच्या एका गावात आल्या होत्या. तारा पाहूनच लोक मागे सरकत होते. मॅडमनी पहिला झटका स्वतःच्या मनगटाला घेतला आणि दुसऱ्यासाठी, त्याच सकाळी रुजू झालेल्या माझ्याकडे पाहिलं. माझी बोटं टुणकन उडाली, लोक हसले आणि रांग लागली.

दिग्रसच्या जिनिंग कारखान्यातल्या एका फिटरची ही मुलगी. मेंदूविज्ञान शिकून मोठ्या शहरात स्थिरावणं त्यांना सहज जमलं असतं. पण कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळी हटत नव्हती, फवारण्या वाढत होत्या आणि फवारणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येत होत्या. मॅडमनी यवतमाळातच प्रयोगशाळा थाटली. त्यांच्या शोधनिबंधांची यादी या गौरवग्रंथाच्या शेवटी आहे आणि तिने बरीच पानं खाल्ली आहेत. जगभरचे संशोधक त्या निबंधांचा आधार घेतात, याचा आम्हा शिष्यांना उघड गर्व आहे. विनयाचं खातं मॅडमकडे.

त्यांचा एक कायदा होता. आपल्या निबंधाचा संदर्भ कुणी दिला, की आकडा वाढला म्हणून पेढे मागायचे नाहीत. शनिवारी सगळ्यांनी बसून तो लेख वाचायचा आणि आपलं नाव त्यात कशासाठी घेतलंय ते शोधायचं. चहा मॅडमचा, वाचन आमचं. आम्ही फार कंटाळायचो.

अशाच एका शनिवारी एक परदेशी लेख वाचायला घेतला. आमच्या सर्वांत गाजलेल्या निबंधाचा दाखला देऊन त्यात म्हटलं होतं, की स्वतः फवारणी न करणाऱ्या घरच्या माणसांना धोका नाही. मॅडम तिथेच थांबल्या. त्या निबंधात आम्ही फवारणाऱ्या पुरुषांची तुलना त्यांच्याच बायकांशी केली होती. घर एक, पाणी एक, जेवण एक, म्हणून तुलना चोख होईल असं आम्हाला वाटलं होतं.

“त्या बायका निरोगी आहेत, हे कुणी ठरवलं?” मॅडमनी विचारलं.

सोमवारी त्या शेवंताबाईंच्या अंगणात हजर. शेवंताबाई आमच्या तपासणीतल्याच एक.

“मावशी, फवारणीचे कपडे घरी कोन धुते?”

“मीच धुतो ना. काहून?”

“हाताले मुंग्या येतात काय?”

“येतात. पर त्या त साऱ्याच बायाईले येतात. आता पुन्हा करंट लावसान का?”

“लावतो मावशी. आधी माह्या हाताले.”

नेमकी त्याच महिन्यात एका मोठ्या संस्थेच्या संचालकपदासाठी मॅडमची मुलाखत होती आणि अर्जात सगळ्यात वर हाच निबंध होता. हितचिंतकांनी सुचवलं, मुलाखत होऊ द्या, मग दुरुस्ती पाठवा. मॅडम म्हणाल्या, “तोवर तो निबंध बायांना धोका नाही असंच सांगत राहील.” त्यांनी चूक कबूल करणारी सूचना आधी छापायला पाठवली आणि मुलाखतीत ती स्वतःहून सांगितली. पद दुसऱ्या कुणाला मिळालं. मला त्याचा आजही राग येतो. मॅडमना येत नाही, याचाही येतो.

पुढे यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, शेतीशी संबंध नसलेल्या स्त्रियांशी तुलना करून सगळं काम नव्याने केलं. फवारणाऱ्यांच्या बायकांचेही मज्जातंतू मंदावलेले निघाले. त्या परदेशी मंडळींनी आपलं विधान मागे घेतलं. शेवंताबाईंचे यजमान आता हातमोजे घालून आपले कपडे आपणच धुतात. “करंट परवडला, हे धुनं नाई,” अशी त्यांची तक्रार मॅडम मोठ्या आनंदाने ऐकून घेतात.

मॅडमना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे डोळे, गुडघे आणि तल्लख बुद्धी असेच शाबूत राहोत, ही आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा. त्यात थोडा स्वार्थही आहे. त्या दुरुस्त निबंधाचा नवा संदर्भ परवाच आला, आणि तो लिहिणाऱ्या तरुण संशोधिकेने त्यातही आमची एक चूक दाखवली आहे. मी घाबरत घाबरत मॅडमना फोन केला. पलीकडून खुशीचा आवाज आला, “शनिवारी येतो. चहा मीच आणतो.”

मॅडम, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. आमच्या चुका अजून पुष्कळ शिल्लक आहेत.