मूल कोणाच्या हाती द्यायचे

परवाना विभागाच्या मिसेस प्रिबिल बुटांवरचा बर्फ झटकत तळघराचा जिना उतरल्या, तेव्हा अर्डिस ल्यूडके मुलांच्या न्याहारीची भांडी आवरत होती. सॉरेल क्रीकच्या ल्यूथरन चर्चखाली ती इतकी वर्षे पाळणाघर चालवत होती, की निम्म्या गावाचे लंगोट तिने बदलले होते आणि आता त्यांच्या मुलांचे बदलत होती. तपासणी दर वर्षी व्हायची. मिसेस प्रिबिल नळाच्या गरम पाण्यात तापमापक धरायच्या, औषधांच्या कपाटाचे कुलूप ओढून पाहायच्या, आणि मग मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे वर करून बसायच्या आणि पालकांना द्यायची पुस्तिका पेन्सिल घेऊन वाचायच्या.

"हे काय, मिसेस ल्यूडके? 'वाढदिवसाला घरचा केक आणलात तर आम्हाला आनंदच होईल.'"

"आणतात लोक."

"पुस्तिकेत नको. विकतचा, पाकीटबंद, वर घटक छापलेले. आणि हे बघा, 'आपण सगळे एकमेकांना ओळखतोच, तेव्हा मुलाला न्यायला कोण येणार ते सकाळी तोंडी सांगितले तरी पुरे.' हे कोणी लिहिलं?"

"मीच."

"कधी?"

"तुम्ही स्वतः कुणाच्या तरी पाळणाघरात असाल तेव्हा."

मिसेस प्रिबिल हसल्या, पण पेन्सिलीने वाक्य खोडलेच. नवे नियम आले होते. मूल कोणाच्या हाती द्यायचे आणि कोणाच्या नाही, हे पुस्तिकेत स्वच्छ लिहायला हवे. पुस्तिका प्रत्येक आईला आणि प्रत्येक बापाला मिळायला हवी, दोघे वेगळे राहत असले तर दोघांना वेगवेगळी, आणि वाचल्याची सही परत यायला हवी.

"आई आणि बाप, दोघांचा हक्क सारखा," त्या म्हणाल्या. "कोर्टाचा हुकूम तुमच्या फाईलमध्ये असेल, तरच तुम्ही बापाला नाही म्हणू शकता. ऐकीव गोष्टीवर नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे, हे चालणार नाही."

"आणि हुकूम फाईलमध्ये असून मूल दिलं तर?"

"तर परवाना जाईल. हे वेगळं सांगायला नको तुम्हाला."

"नको," अर्डिस म्हणाली.

मोरीपाशी डार्ला कप धूत होती. ती अर्डिसबरोबर पहिल्यापासून कामाला होती. ती एकच कप फार वेळ धूत राहिली.

पहिली पुस्तिका म्हणजे एक कागद होता. शेतकऱ्यांच्या बायका गावातल्या चीजच्या कारखान्यात कामाला जायला लागल्या तेव्हाची गोष्ट. पाद्र्यांनी तळघर दिले, बायकांनी घरची जुनी खेळणी दिली, आणि अर्डिसने चर्चच्या टाईपरायटरवर दहा-बारा ओळी लिहिल्या. ताप असला तर घरी ठेवा, बुटांवर नाव घाला, असे. मग राज्याचे नियम वाढत गेले आणि पुस्तिका जाड होत गेली. द्राक्षे उभी चिरून द्यायची. तान्ह्या बाळाला उताणे निजवायचे, पाळण्यात पांघरूण नाही, उशी नाही. पडद्याची दोरी मुलाच्या हाताला लागता कामा नये. यातल्या एकेका वाक्यामागे कुठल्यातरी गावातले एकेक मूल आहे हे अर्डिसला कळत होते. गॉर्डन, तिचा नवरा, होता तेव्हा ती नवे वाक्य लिहिताना थांबायची आणि त्याला म्हणायची, "हे कुणाचं असेल रे?" तो वर्तमानपत्र खाली करून तिच्याकडे बघायचा. आता ती थांबत नव्हती. नुसते लिहीत होती.

गॉर्डनला जाऊन दोन हिवाळे झाले होते. तेव्हा ती रडली होती, नीट जेवत नव्हती, माणसासारखी वागत होती. पण नोव्हेंबरपासून तिच्या आत काही हलेनासे झाले. नोव्हेंबरात तिचा मुलगा ब्रेंट दारू पिऊन आपल्या चार वर्षांच्या मुलीला, टेसाला, ट्रकमध्ये बसवून निघाला आणि शेतरस्त्यावरून ट्रक चरात गेला. शेजारच्या शेतावरच्या माणसाला दिवे दिसले म्हणून ते सापडले. ब्रेंट झोपलेला होता. टेसा जागी होती. कडाक्याच्या थंडीत तिचे हातमोजे घरी राहिले होते. बोटे वाचली, एवढेच. जोलीन, ब्रेंटची बायको, त्याच आठवड्यात मुलीला घेऊन वेगळी झाली. पुढे न्यायाधीशाने हुकूम दिला, की बापाने मुलीला कोर्टाने नेमलेल्या माणसासमोरच भेटायचे, एकट्याने कुठे न्यायचे नाही.

हे सगळे अर्डिसला गावाकडून कळले. थोडे ब्रेंटकडून, थोडे चर्चच्या कॉफीच्या वेळी. जोलीन रोज सकाळी टेसाला आणून सोडत होती. टोपी, डबा, झोपायच्या वेळची बाहुली. "खोकतेय जराशी." "बघते मी." एवढेच दोघींचे बोलणे. कोर्टाचा कागद जोलीनने आणून दिला नाही, आणि अर्डिसने मागितला नाही. कागद फाईलमध्ये नाही तोवर ती नुसती टेसाची आजी होती. कागद आला की ब्रेंटला दारात अडवणारी ती होणार होती. हे तिने स्वतःशीही कधी पुरते बोलून पाहिले नाही.

तिने नवी पुस्तिका लिहिली. केकचे वाक्य काढले. मूल कोणाच्या हाती द्यायचे, या मथळ्याखाली मिसेस प्रिबिलनी सांगितले तसेच सगळे लिहिले. पालकांच्या कप्प्यांत प्रती ठेवल्या. जी दोन-तीन घरे तुटली होती, तिथल्या दुसऱ्या पालकाला टपालाने पाठवल्या. ब्रेंट आता धान्याच्या कोठाराजवळ भाड्याच्या खोलीत राहत होता. त्याचा पत्ता तिने पाकिटावर लिहिला, तिकीट चिकटवले.

"त्यालाही?" डार्लाने विचारले.

"नियम आहे."

"नियम आहे, ते कळलं गं. तू जोलीनकडे तो कागद माग ना."

"तिला द्यायचा असेल तर देईल."

"ती कशी देईल? त्याच्या आईच्या हातात?"

अर्डिसने पाकीट पेटीत टाकले.

जोलीनची सही परत आली. 'कोर्टाचा काही आदेश असल्यास प्रत जोडावी' या ओळीपुढची जागा कोरी होती. अर्डिसने ते पाहिले आणि पान फाईलमध्ये घातले.

एप्रिलच्या सुरुवातीला एका दुपारी, मुले झोपेतून उठून खायला बसली असताना, ब्रेंट जिना उतरून आला. दाढी केलेली, केस विंचरलेले, अंगात गॉर्डनचे खाकी जाकीट.

"आई."

"ब्रेंट."

"टेसाला न्यायला आलोय. आईस्क्रीम खायला घालतो आणि सहापर्यंत जोलीनकडे सोडतो."

"जोलीनला माहीत आहे?"

"मी बाप आहे तिचा."

"ते मला माहीत आहे. मी काय विचारलं?"

त्याने जाकिटाच्या खिशातून पुस्तिका काढली. मधोमध दुमडलेली होती. सही केलेले शेवटचे पान फाडून त्याने तिच्यापुढे ठेवले, आणि मग आतले पान उघडून बोट ठेवले. "'आई आणि वडील, दोघांचा हक्क समान. न्यायालयाचा आदेश फाईलमध्ये नसल्यास पाळणाघर कोणत्याही पालकाला मूल नाकारू शकत नाही.' तूच लिहिलंयस. आहे का कागद फाईलमध्ये?"

तिने कपाटाकडे पाहिले.

"नाहीये ना? मला वाटलंच. ती नाही देणार तुला." त्याचा आवाज चढला नाही. "मी शुद्धीत आहे, आई. जानेवारीपासून एक थेंब नाही. वास घे पाहिजे तर."

ती जवळ गेली. साबणाचा वास येत होता, आणि जाकिटाला अजून गॉर्डनच्या तंबाखूचा. खोटे बोलत नव्हता. कपाटात फाईल होती, तिच्यात कागद नव्हता, आणि समोर तिनेच लिहिलेले वाक्य होते. मूल दिले असते तर मिसेस प्रिबिलना काही म्हणता आले नसते. कोणालाच आले नसते. तिला वाटले होते की अशा वेळी छातीत धडधडेल. तसे काही झाले नाही. डोळ्यांसमोर एक छोटा हात आला, मोजा नसलेला. तो तिने पाहिलाही नव्हता, नुसता ऐकला होता.

"ती खातेय," ती म्हणाली. "खाऊन होऊ दे. बस तू."

"कुठे बसू? या खुर्च्यांवर?"

"बसायचास की लहानपणी."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. टेसाने त्याला पाहिले आणि तोंडात बिस्किट असतानाच म्हणाली, "बाबा, माझा दात हलतोय." अजून हलायचे वय नव्हते. मोठ्या मुलांचे ऐकून ती तसे म्हणायची.

"दाखव बरं," ब्रेंट म्हणाला, पण जागचा हलला नाही.

अर्डिस तिच्या लहानशा ऑफिसात गेली आणि दार उघडेच ठेवून वृद्धाश्रमात फोन लावला. जोलीन तिथे मदतनीस होती. तिला बोलावून आणायला वेळ लागला.

"जोलीन, ब्रेंट आलाय इथे. टेसाला न्यायला."

पलीकडे वृद्धाश्रमातली एक ट्रॉली खडखडत गेली.

"दारू नाही प्यायलेला. जोलीन, तो कागद घेऊन ये."

"कुठला?"

"तुला माहीत आहे कुठला."

"तुम्हाला हवाय तो?"

"हो. घेऊन ये."

"गाडीतच आहे," जोलीन म्हणाली. "पहिल्यापासून गाडीतच आहे."

फोन ठेवून वळली, तर दारात ब्रेंट होता. सगळे ऐकले होते.

"तू मागवलास," तो म्हणाला. "तो इथे नव्हता, आणि तू मागवलास."

"हो."

"का?"

तिने खरोखर विचार केला. "ती चार वर्षांची आहे," ती शेवटी म्हणाली.

तो निघून जाऊ शकला असता, किंवा टेसाला उचलून नेऊ शकला असता. डार्ला जिन्याच्या पायथ्याशी हातात पुसणे घेऊन उभी होती. डार्ला आडवी आली असती तरी त्याला काही अवघड नव्हते. पण तो तिथेच थांबला, बसची वाट पाहावी तसा. कदाचित त्यालाही तो कागद पाहायचा होता.

जोलीन कामाच्या निळ्या कपड्यांतच आली. धापा टाकत होती. तिने ब्रेंटकडे पाहिले नाही. पाकीट सरळ अर्डिसच्या हातात दिले. अर्डिसने आतला कागद काढून शेवटपर्यंत वाचला. त्यात ब्रेंटचे पूर्ण नाव होते, मधल्या नावासकट. ते मधले नाव तिच्या वडिलांचे होते, तिने हट्टाने ठेवले होते. तिने टेबलावरचा तारखेचा शिक्का उचलला, कोपऱ्यात मारला, कपाट उघडले, टेसाच्या फाईलमध्ये कागद घातला आणि कपाट बंद केले.

"ब्रेंट," ती म्हणाली, "तुझ्या हाती मूल देता येत नाही. आता तू जा. नाही गेलास तर मला शेरिफच्या ऑफिसला फोन करावा लागेल."

"करशील?"

"हो."

"बाबा असते तर—"

"बाबा नाहीत."

त्याने पुस्तिका पुन्हा दुमडली, खिशात घातली, आणि टेसाला "दात सांभाळ हं" म्हणून जिना चढून गेला. वरचे दार नेहमीसारखे आपोआप बंद झाले.

जोलीन बुटक्या खुर्चीवर बसली. "मला वाटलं होतं, तुम्ही मागाल," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात. नाही मागितलात, तेव्हा म्हटलं, यांना नकोय."

"मला नकोच होता."

जोलीनने मान हलवली. रागावल्यासारखे वाटले नाही. उठून टेसाची टोपी शोधली. जाताना दारात थांबून म्हणाली, "उद्या आणू ना तिला?"

"आण. आणि हातमोजे घाल, वारा आहे."

ते तोंडातून गेल्यावर दोघींनीही जमिनीकडे पाहिले.

ब्रेंट दर रविवारी आईकडे जेवायला यायचा, तो पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही. मे महिन्यात कोठारावरचा माणूस म्हणाला, तो पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला गेला, खोली सोडली. पत्ता त्याने ठेवला नव्हता. अर्डिसने त्या माणसाचे आभार मानले आणि घरी जाऊन बटाट्याचे सूप केले. पहिल्या घोटापर्यंत चव लागेल असे तिला वाटत होते.

मिसेस प्रिबिल पुन्हा येऊन गेल्या. सगळी पाने वाचून म्हणाल्या, आता ठीक आहे.

राहिले होते ते दाराजवळ लावायचे कागद, प्रत्येक मुलाला कोण कोण नेऊ शकते त्याचे. नव्या पुस्तिकेप्रमाणे ते सगळे नव्याने करायचे होते. दुपारी मुले झोपल्यावर अर्डिस आणि डार्ला बुटक्या टेबलाशी बसल्या. अर्डिस जुन्या कागदावरून नावे वाचत होती, डार्ला लिहीत होती. टेसाच्या कागदाशी आल्यावर अर्डिसने जोलीनचे नाव वाचले, त्याखालचे ब्रेंटचे सोडले, जोलीनच्या बहिणीचे वाचले, आपले स्वतःचे वाचले.

डार्लाने पेन खाली ठेवले. "मुलं झोपलीत," ती हळू म्हणाली. "रडलीस तरी कुणाला कळणार नाही."

"रडू येत नाही," अर्डिस म्हणाली, आणि पुढच्या मुलाचा कागद ओढून घेतला.