कोळवणच्या वरचं टाकं

गेल्या रविवारी आम्ही कोळवणच्या वरच्या धनगरवाड्यावर दुसऱ्यांदा गेलो. जाताना वाटत होतं, आज शेवटचे चार दगड बसवले की काम संपलं.

आमचं सेवा मंडळ लहान आहे. कागदावर पुष्कळ मंडळी आहेत, पण रविवारी पौडहून कुदळ खांद्यावर घेऊन निघणारे तीन-चारच. धरणाविरुद्धची चळवळ थंडावल्यापासून सगळ्यांच्याच अंगात एक शीण भरून राहिला आहे... मीटिंगला लोक येतात, चहा घेतात, उठून जातात.

तरी त्या वाड्याचं पाणी मनातून जात नव्हतं. उन्हाळ्यात तिथल्या बायका डोंगर उतरून ओढ्यावर जातात आणि भरल्या हंड्यांनी तीच चढण चढतात. वाड्यालगत एक झरा आहे, पण गाळानं बुजलेला. तो मोकळा करून तोंडाशी दगडी टाकं बांधायचं, असं आम्ही ठरवलं.

आदल्या रविवारी वाड्यावरचे पुरुषही आमच्याबरोबर राबले. दुपारी वाड्याचे कारभारी कोंडिबा जेवायला चला म्हणाले. मी हात जोडून नको म्हटलं. आमच्या मंडळाचा नियमच आहे, आणि तो मीच सेक्रेटरी म्हणून घालून दिलेला... ज्याची सेवा करायची त्याच्या घरचं काही घ्यायचं नाही. ऐन चैत्रात कुणाच्या कणगीत किती धान्य उरलेलं असतं, ते आम्हांला ठाऊक आहे. आम्ही झाडाखाली बसून आपापल्या दशम्या खाल्ल्या.

तर या रविवारी वर पोचलो आणि पाहतो तो टाकं काठोकाठ भरलेलं. पाणी इतकं नितळ की तळाचे दगड दिसत होते. आणि खालच्या वाटेनं कोंडिबांची सून ठकू ओढ्यावरून हंडा घेऊन वर येत होती. तिचे दिवस भरत आलेले. एका हातानं डोईवरचा हंडा धरलेला, दुसरा हात कमरेवर... दर दहा पावलांवर थांबत होती.

मला काही उमजेना. पाणी वाईट आहे का? देवाचं काही आडवं आलं का? कोंडिबांना विचारलं तर त्यांनी आधी चिलीम दगडावर ठोकून रिकामी केली.

मग म्हणाले, "पानी ग्वाड हाय, सायेब. पर त्ये आमचं न्हाई."

मी म्हटलं, "तुमचं नाही तर कुणाचं?"

"आमच्यात कुनी कामाला आलं तर त्याला इर्जिक म्हंत्यात. घरधनी जेवू घालतो, मग ते काम त्याचं हुतं. जेवल्याबिगर राबवलं तर ती वेठ. माज्या बापानं सायबांच्या डाकबंगल्यावर लई वेठ केली. तुमी आमच्या हितं वेठ करून ग्येलात. आमची म्हातारी म्हन्ती, वेठीचं पानी बाळंतिणीला नगं."

वेठबिगारीविरुद्ध मी पौडला भाषणं केली आहेत. आणि इथं या माणसांच्या लेखी आम्ही त्यांनाच वेठीचे धनी करून ठेवलं होतं... तेही सेवा म्हणून.

तेव्हा मनात काय आलं तेही लिहितो. नियम मोडायला मी कचरत होतो, ते केवळ त्यांच्या धान्याच्या काळजीनं का? की धनगराच्या घरात पानावर बसायची वेळ त्या नियमामुळे परस्पर टळत होती? उत्तर सरळ देता येत नाही. दोन्ही असावं.

उरलेले दगड बसवून झाले आणि मी कोंडिबांना म्हटलं, "आज जेवून जाऊ." माझ्याबरोबर शाळेतले विष्णुपंत मास्तर होते. त्यांनी घाईनं आपली एकादशी असल्याचं सांगितलं.

कोंडिबा शांतपणे म्हणाले, "मास्तर, एकादस तर बुदवारी झाली."

बायका पदराआड हसल्या. विष्णुपंतही हसले, आणि पायांतल्या वहाणा काढून माझ्या शेजारी बसले. वरईचा भात, कुळथाचं कढण, घट्ट ताक. म्हातारी स्वतः वाढत होती आणि पुरे म्हटलं तरी थांबत नव्हती. हात धुऊन आम्ही उठलो, तशी ठकू उठली आणि रिकामी घागर घेऊन टाक्याकडे गेली. घागर भरल्याचा आवाज तेवढा आला.

निघताना कोंडिबांनी विचारलं, "आता तुमचं इर्जिक कवा?"

म्हणजे फेडही आलीच. मी सांगितलं, येत्या रविवारी पौडला मंडळाच्या दवाखान्याची खोली शाकारायची आहे. ते म्हणाले, आठ गडी घेऊन येतो.

तेव्हा मित्रहो, रविवारी सकाळी सर्वांनी यावं. गवत आणून ठेवलं आहे, शिड्या कमी आहेत. दुपारचं जेवण आमच्या ओसरीवर, आलेल्या सगळ्यांची पंगत एकच. हे आधीच लिहितो... ज्यांना चालणार नाही त्यांनी काम करून जावं, माझा राग नाही.

घरी सौभाग्यवतींना हे सांगताना मी जरा चाचरतच होतो. त्यांनी तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि बायका? रांधून तर त्यांनीच घातलं ना तुम्हांला?"

बायकांना बोलवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाय अजून ठणकताहेत, पण उद्या पुन्हा ती चढण चढून त्यांना बोलावून यायला हवं. माझ्या घरात हे विचारणारं कुणी आहे, हे माझं भाग्य.