फुईची तारीख

धुळ्याच्या कोर्टात तारीख पुढे ढकलली की माणसं कपाळाला हात लावतात, वकिलाला मनातल्या मनात शिव्या घालतात आणि चहा पिऊन गावी जातात. आमची फुई आवारातल्या लिंबाखाली बसून गूळ-फुटाणे वाटायची. समोर येईल त्याला मूठभर, पोलिसाला आणि त्यानं धरून आणलेल्या चोरालाही. "तारीख पडनी माय, तोंड गोड करा!" लोकांना वाटायचं, बाई सुटली. छे! बाई स्वतःच आरोपी होती आणि तिला सुटायचंच नव्हतं.

फुई म्हणजे माझ्या वडलांची, नानांची थोरली बहीण. आमच्याकडे आत्याला फुईच म्हणतात. तिला दिली होती बीजासनचा घाट चढून पलीकडे, मध्य प्रदेशात, सेंधव्याजवळच्या एका खेड्यात. तिच्या सासरी परवान्याची एक दुनळी बंदूक होती, सासऱ्यांपासून चालत आलेली. रानडुकरांसाठी म्हणून घेतली होती. डुक्कर तिच्यानं एकही मेलं नाही, आवाजानंच पळायची. दसऱ्याला फुवा, म्हणजे फुईचे यजमान, ती सुटी करून पाटावर मांडायचे, नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा, आणि फुई तेलाच्या फडक्यानं पुसून हळदीकुंकू वाहायची. संसाराची सगळी वर्षं तिनं ती बंदूक पुसली. "भांडं पुसो तशी पुसी," असं ती म्हणायची. तिची भीती तिला कधी वाटली नाही, फुवा होते तोवर.

फुवा गेले ते विहिरीवर. विहीर दोघा भावांच्या सामाईकीची, पाणी पाळीनं. धाकटा भाऊ कधीच वारलेला, त्याच्या वाट्याला त्याची बायको आणि एकुलता एक मुलगा शांताराम. पाळीवरून शांताराम आणि फुवांची बाचाबाची झाली आणि फुवा तिथंच छातीला हात लावून बसले ते उठलेच नाहीत. कोणी कोणाला बोट लावलं नव्हतं. पण फुईचा सुभाष, तो आधीच डोक्यानं गरम, त्यानं चितेपुढं शपथ घेतली की बापाच्याच बंदुकीनं शांतारामला उडवीन. भाऊबंदांनी त्याला धरलं, पाणी पाजलं, पोरगं दुःखात बोललं म्हणून सोडून दिलं. फुईनं सोडलं नाही. आपलं पोर तिला ठाऊक होतं.

तेराव्याची गंधमुक्ती झाली की विधवा बहिणीला भाऊ चार दिवस माहेरी घेऊन येतो, ही आपली रीत. नाना तिला आणायला गेले. फुईकडे एक कापडी पिशवी आणि एक जाडजूड वळकटी. "आमच्याकडे गोधड्या नाहीत का अक्का?" नाना म्हणाले. "मले मन्या गोधडीशिवाय झोप लागत नही," फुई म्हणाली. नानांनी वळकटी खांद्यावर टाकली. आमचे नाना म्हणजे नगरपालिकेच्या शाळेतले मास्तर. रस्त्यात हवालदार दिसला तर सायकलवरून उतरून चालायचे. त्या माणसानं ते ओझं एस.टी.च्या टपापर्यंत वाहिलं आणि फुईनं ते तिथून उतरवायला लावून आपल्या पायाशी घेतलं.

घाट उतरल्यावर नाक्यावर गाडी थांबली. दारूसाठी तपासणी चालली होती. शिपाई काठीनं एकेक बोचकं टोचत पुढं आला, आणि तेरा दिवसांत जिच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं त्या फुईनं हंबरडा फोडला. "मना धनी गया वं माय!" वळकटी पोटाशी धरून ती अशी रडली की गाडीतल्या बायका रडायला लागल्या. शिपाई ओशाळून मागच्या दारानं उतरला. नाना तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "रडू दे, मोकळी होऊ दे." ते रडू खोटं की खरं, असं मी तिला पुढं एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "सुरू करं तवय खोटं व्हतं."

आमच्या घरात तिनं वळकटी सोडली तेव्हा मी समोर होते. तीन तुकडे, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले. नानांनी आधी दाराला कडी लावली. "अक्का, हे मी आणलं? माझ्या खांद्यावरून?" आई म्हणाली, तापीत टाकून या. नाना म्हणाले, सापडली तर नोकरी जाईल, पोरीचं लग्न राहील, कसली नदी घेऊन बसलीस! फुई शांत होती. "घरमा ऱ्हायनी ते दोन घरं बुडतीन, भाऊ. तठे ठाण्यात दिधी असती ते वारस म्हनीसन सुभाषलेच परत भेटती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच उठली, वळकटी पुन्हा बांधली आणि नानांना न विचारता पोलिसांत जाऊन बसली. मी मागोमाग धावले. "मनी शे. मीच आणेल शे," एवढंच तिचं म्हणणं. फौजदार हसावं की रागवावं या विचारात. परवाना मेलेल्या माणसाच्या नावावर, तोही दुसऱ्या राज्यातला, आणि बाई म्हणते मला धरा. तिला धरलं, जामिनावर सोडलं, बंदूक जप्त झाली. खटला संपेपर्यंत ती सरकारी कुलपात राहणार, हे ऐकल्यावर फुईनं विचारलं, "कव्हय सरी खटला?" कारकून म्हणाला, "देवाला ठाऊक." तिनं त्याला हात जोडले.

तिथून तिचा उद्योग सुरू झाला. वकील सांगायचा, "अक्का, गुन्हा कबूल करा. बाईमाणूस आहात, थोडक्या दंडावर सुटाल." ही विचारायची, "आनि बंदूक?" तो म्हणायचा, "परवाना झाला की वारसाला." "मंग नको. घाई काय शे?" तारखेला ती माझ्याबरोबर यायची, आधी मुद्देमालाच्या खोलीपुढं जाऊन कारकुनाला विचारायची, "शे ना रे भाऊ?" तो वैतागून म्हणायचा, "आहे, पळाली नाही." मग तिचा जीव खाली पडायचा. साक्षीदार आला नाही, साहेब रजेवर गेले, वकिलांचा संप झाला की हिचा चेहरा उजळायचा. मला तिचा राग यायचा. कॉलेज बुडवून मी तिच्याबरोबर बसायची आणि ही फुटाणे वाटायची!

"राग पाव्हना शे," ती मला समजवायची. "खावाले नही दिधं ते दोन दिनमा निंघी जास." सुभाषचा पाहुणा काही निघत नव्हता. तो एकदाच आमच्याकडे आला, दारात उभा राहूनच ओरडला, "तू माय नही, वैरीण शे मनी," आणि पाणीही न पिता गेला. त्याचं लग्न झालं, तिला बोलावलं नाही. नातू झाला, तोही परस्पर कळला. त्या दिवशी तिनं नानांकडून झबल्याचं कापड आणवलं, हातानं शिवलं आणि कोणाच्या हाती पाठवावं ते न सुचून उशाखाली ठेवलं. रडली नाही. म्हणाली, "मना पोऱ्याना हात साफ शेतस ना अजून? बस."

अशी सहा-सात वर्षं गेली. माझं लग्न झालं, तेही धुळ्यातच. मी माहेरी आले होते, उन्हाळा होता, फुई चुलीपुढं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. तिच्या गावचा एक माणूस आला आणि ओट्यावरच नानांशी हलक्या आवाजात बोलला. विहिरीचं पाणी खोल गेलं होतं, पाळीवरून जुंपली होती, आणि सुभाषनं शांतारामला कुऱ्हाडीनं तोडलं होतं. जागीच गेला. सुभाषला पोलीस घेऊन गेले होते.

नानांना सांगावंच लागलं नाही, तिनं ऐकलं होतं. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, शेकली, टोपल्यात टाकली. मग म्हणाली, "कुऱ्हाड ते घरघरमा ऱ्हास." मी तिच्या पाठीला हात लावला तर अंग थंडगार होतं, चुलीपुढं बसलेल्या बाईचं अंग. मला तिच्यासाठी ओरडून रडावंसं वाटत होतं आणि तिच्यापुढं रडायची लाज वाटत होती.

पुढच्या तारखेला तिनं वकिलाला बोलूच दिलं नाही. "मीच आणेल शे साहेब. खटला सरावा आते." साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा दिली आणि थोडा दंड. बंदुकीचं पुढं काय होणार ते सांगायला वकील तिच्यामागं आला, ती थांबली नाही.

चौथ्या दिवशी ती निघाली. एस.टी. स्टँडवर मी आणि नाना. नानांना वाटलं, तुरुंगात सुभाषला भेटायला, नाहीतर सुनेकडं. "नही," फुई म्हणाली. "जाऊकडे. तिना वावरले पानी देनारं आते कोन शे?" नाना म्हणाले, "अक्का, शांतारामची आई तुला जिवंत सोडायची नाही." फुई गाडीत चढून बसली.

पावसाळा संपल्यावर आम्ही तिला आणायला गेलो. गावात कोणीतरी वावराकडं बोट दाखवलं. फुई कपाशीच्या सरीत फावडं घेऊन उभी होती, पाणी वळवत होती. वाळली होती, काळी पडली होती. विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीत राहायची, हातानं करून खायची. आणि बांधावर तिची जाऊ उभी होती, विस्कटल्या केसांची, आणि तिला शिव्या देत होती. अशा शिव्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. तिच्या कुळाच्या, कुशीच्या, तिच्या फासावर जाणाऱ्या लेकाच्या. गावकरी म्हणाले, सकाळी येते, दिवस बुडाला की जाते, रोजचंच आहे.

नानांना ऐकवेना. त्यांनी फुईचा हात धरला. "चल अक्का. आता पुरे. हे कोणी ऐकून घ्यायचं?"

फुईनं हात सोडवून घेतला. "देवू दे भाऊ. मले शिव्या द्यावाकरता तरी ती सकायमा ऊठस." आणि ती पुढच्या सरीचं तोंड फोडायला वाकली.